धुराडे नसलेले घर : लुईस बेटावरील दगडी लोकवास्तू, शेती आणि जमीनधारणा

प्रास्ताविक

स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिक महासागराच्या तोंडावर वसलेल्या लुईस बेटावर आर्नोल नावाचे खेडे आहे. तेथील ४२ क्रमांकाची वास्तू दुरून पाहिली असता घर न वाटता जमिनीचाच एखादा उंचवटा वाटावा अशी तिची घडण आहे. भिंती ठेंगण्या आणि विलक्षण जाड, कोपरे गोलावलेले, वर गवताचा शाकार आणि त्या शाकारावरून दोन्ही बाजूंस ताणून दगडांनी वजन दिलेल्या दोऱ्यांचे जाळे. छपराला धुराडे नाही. माणसे आणि गुरे एकाच दाराने आत जात, एकाच छपराखाली राहत. घराच्या मध्यभागी, जमिनीवर मांडलेल्या सपाट दगडांवर विस्तव असे आणि त्याचा धूर छपरातून वाट काढील तसा बाहेर पडे.

अशा घरांना गेलिक भाषेत 'ताय दू' म्हणजे 'काळे घर' म्हणतात. त्यांचे दर्शन घडलेल्या बहुतेक प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांना आदिम, प्रागैतिहासिक, सुधारणेपूर्वीच्या युगाचे अवशेष ठरविले. वस्तुतः आर्नोलचे हे घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात बांधले गेले. एडिंबरोजवळ फोर्थच्या खाडीवर पोलादाचा प्रचंड रेल्वेपूल उभा राहत होता (१८८२ ते १८९०), त्याच काळातील हे बांधकाम आहे, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात कुटुंब नांदत होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, औद्योगिक क्रांतीच्या मायभूमीत, इतक्या उशिरा, माणसांनी धुराडे नसलेले घर जाणूनबुजून का बांधले? या प्रश्नाचे उत्तर अज्ञानात शोधावयाचे की हवामान, शेती आणि जमिनीच्या मालकीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भिंत आणि छप्पर

लुईसचा मूळ खडक नाईस प्रकारचा असून तो युरोपातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे. त्याचे वय तीन अब्ज वर्षांपर्यंत जाते. हा खडक इतका कठीण असतो की तो घडविणे साध्या हत्यारांना परवडत नाही. शेत साफ करताना निघालेले गोटे जसेच्या तसे एकमेकांत बसवून भिंत रचावी लागे. चुना बेटावर सहज मिळत नसे. झाडे तर जवळजवळ नाहीतच. सततचा खारा वारा आणि जमिनीवर पसरलेला पीटचा थर यांमुळे तेथे रान वाढत नाही. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून शतकानुशतके साचलेला वनस्पतींचा थर. तो विटांच्या आकारात कापून वाळविला की इंधन होते. थोडक्यात दगड, माती, गवत आणि पीट विपुल, परंतु लाकूड व चुना दुर्मीळ, अशी तेथील सामग्री होती.

या सामग्रीतून जी भिंत निर्माण झाली ती प्रत्यक्षात एक भिंत नसून दोन भिंती आहेत. आतील व बाहेरील असे कोरड्या दगडी रचाईचे दोन थर आणि त्यांमधील पोकळीत माती व पीटची भर. एकूण जाडी दीड मीटर वा त्याहून अधिक. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या फटींतून वारा सहज आत शिरला असता. त्याला अडवितो तो हा मधला मातीचा गाभा. ऊब धरून ठेवण्याचे कामही तोच करतो.

छपराची बैठक मात्र कोणत्याही परक्या बांधकाम-जाणकारास बुचकळ्यात टाकणारी आहे. जगात बहुतेक ठिकाणी छप्पर भिंतीच्या बाहेर पुढे काढतात, जेणेकरून पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. लुईसच्या घरात वासे भिंतीच्या आतल्या थरावर टेकतात. परिणामी छपराला वळचण अशी नाहीच आणि पावसाचे पाणी थेट भिंतीच्या रुंद माथ्यावर पडते. हा दोष वाटतो. पण वादळी वाऱ्याच्या प्रदेशात पुढे आलेली वळचण ही वाऱ्याला छप्पर उचकटण्यासाठी दिलेली मूठच ठरते. भिंतीचा माथा गवताळ मातीच्या ढेकळांनी झाकलेला असतो, त्यावर गवत उगवते, पाणी त्यातून व गाभ्यातून हळूहळू बाहेरच्या अंगाला झिरपते, आणि ओलसर राहिलेली माती वाऱ्याला अधिकच घट्ट अडविते. शाकारणी करणाऱ्यास वर चढता यावे म्हणून भिंतीत काही दगड पायऱ्यांसारखे पुढे काढलेले असत. या माथ्यावर चढून मेंढ्या चरत असल्याची वर्णने वाचताना गंमत वाटते.

कॉलिन सिंक्लेअर यांनी १९५३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील शाकारलेल्या घरांचे जे वर्गीकरण केले, त्यात याच लक्षणावरून 'हेब्रिडियन' प्रकार वेगळा काढला आहे. त्यांच्या वर्गीकरणातील 'स्काय' प्रकारात छप्पर भिंतीबाहेर येते आणि 'डालरियाडिक' प्रकारात घराच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती असतात. पुढील संशोधकांनी या चौकटीत बऱ्याच दुरुस्त्या सुचविल्या असल्या, तरी प्राथमिक ओळखीसाठी ती उपयुक्त आहे.

वाशांसाठी लाकूड बहुधा समुद्रातून वाहून आलेले असे. वृक्षहीन बेटावर घराचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे हे वासे होत. कुटुंबाला जागा सोडावी लागली तर दगड तेथेच राहत, वासे मात्र बरोबर नेले जात. उलट, स्कॉटिश डोंगराळ प्रदेशात जेथे कुळांना बळाने हुसकावून लावले गेले तेथे काही ठिकाणी त्यांनी परत येऊ नये म्हणून प्रथम छपराची लाकडेच जाळण्यात आली. वाशांवर आधी गवताळ मातीचे पातळ थर, त्यावर जव किंवा ओटचा पेंढा, त्यावर दोऱ्यांची बांधणी. दोऱ्या पूर्वी हेदर नावाच्या चिवट झुडपाच्या वळीत. पुढे मासेमारीची जुनी जाळीही वापरात आली.

घर हे शेतीचे अवजार

आता धुराड्याचा प्रश्न. पीटचा विस्तव लाकडासारखा भडकत नाही, तो धुमसत राहतो. रात्री तो राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी पुन्हा फुलवीत. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे विझत नसे. वर साचणारा धूर पेंढा कोरडा ठेवी, त्यातील किडे मारी, आणि छपराच्या आतल्या अंगावर काजळीचा दाट थर चढवी. गोठ्यातील गुरांच्या शेणमूत्राची वाफही त्याच छपरात मुरत असे. अशा रीतीने वर्षभरात पेंढ्याचा आतला थर नत्रयुक्त द्रव्यांनी संपृक्त होई. वसंत ऋतूत तो काढून शेतात, विशेषतः बटाट्याच्या व जवाच्या पिकाला, खत म्हणून घालीत आणि छपरावर नवा पेंढा चढवीत.

येथे घराकडे पाहण्याची दृष्टीच बदलावी लागते. धुराडे केले असते तर धूर बाहेर गेला असता, आणि धुराबरोबर खतही. आम्लधर्मी, पीटने भरलेल्या, नत्राला आसुसलेल्या जमिनीत पोट भरणाऱ्या कुटुंबासाठी छप्पर हे केवळ आच्छादन नव्हते, ते खत तयार करण्याचे साधन होते. धुराड्याचा अभाव ही उणीव नसून निवड होती.

गोठ्याच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. घराचा लांब अक्ष सामान्यतः उताराच्या दिशेने असे. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गुरे, म्हणजे ओल आपोआप खाली वाहून जाई. हिवाळाभर शेण बाहेर न काढता गोठ्यातच साठू देत. त्यावर वाळलेले पीट व गवत पसरीत. वसंतात शेण काढण्याच्या वेळी गोठ्याच्या टोकाची भिंत फोडून वाट मोकळी करीत आणि काम झाल्यावर तेवढी भिंत पुन्हा रचीत. कोरड्या रचाईची भिंत असल्याचा हा फायदा. चुन्यातील भिंत दरवर्षी उघडता-मिटता आली नसती. घराला जोडून धान्याचे कोठार असे आणि त्यात समोरासमोर ठेवलेल्या उघाड्यांतून वाहणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणीत. ज्या वाऱ्यापासून घराला वाचवावयाचे त्याच वाऱ्याला कोठारात कामाला लावण्याची ही युक्ती कौतुकास्पद आहे.

या सर्वांचा अर्थ ही घरे सुखावह होती असा घेऊ नये. डोळ्यांत व फुप्फुसांत धूर, पायांखाली ओल, छपरातून गळणारे काजळीचे काळे थेंब, खिडक्यांच्या नावाने छपरात बसविलेले एखाददुसरे काचेचे तावदान. विसाव्या शतकाच्या आरंभी लुईसमध्ये क्षयरोगाचा प्रादुर्भाव चिंताजनक होता आणि आरोग्य अधिकाऱ्यांचा माणसे व गुरे एकत्र ठेवण्यास असलेला विरोध निराधार नव्हता. लोकवास्तूच्या अभ्यासकांमध्ये अलीकडे 'पूर्वजांचे शहाणपण' या शब्दप्रयोगाची जी चलती आहे, तिला या घरांतील स्त्रियांच्या आणि मुलांच्या धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांची आठवण करून देणे आवश्यक आहे.

मालक कोण?

तथापि केवळ भूगोल व शेती यांनी हे घर पूर्णपणे उलगडत नाही. तिसरा घटक जमीनधारणेचा आहे, आणि तो बहुधा सर्वांत निर्णायक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लुईसमधील सामायिक, वाटणी बदलत राहणाऱ्या शेतीची पद्धत मोडून जमिनीचे लांबट पट्टे पाडण्यात आले. असा पट्टा आणि सामायिक कुरणातील हिस्सा मिळून होणाऱ्या छोट्या धारणेस क्रॉफ्ट व ती कसणाऱ्या कुळास क्रॉफ्टर म्हणतात. आर्नोलसारखी गावे आज रस्त्याच्या कडेने ओळीत मांडलेली दिसतात ती या फेरमांडणीमुळे. म्हणजे घर जितके 'प्राचीन' भासते तितकी गावाची रचनासुद्धा प्राचीन नाही.

१८४४ साली सर जेम्स मॅथेसन यांनी सुमारे १ लाख ९० हजार पौंडांना हे संपूर्ण बेट विकत घेतले. मॅथेसन हे जार्डिन मॅथेसन या चीनशी अफूचा व्यापार करणाऱ्या पेढीचे भागीदार. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई हे या पेढीचे प्रमुख व्यापारी सहकारी होते. मुंबईच्या गोदीतून गेलेल्या मालाच्या नफ्याचा काही अंश अशा रीतीने हेब्रिडीजमधील एका बेटाच्या खरेदीत उतरला, हा योगायोग मराठी अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. मॅथेसन यांनी स्टॉर्नोवे येथे भव्य प्रासाद उभारला, रस्ते केले, १८४६ नंतरच्या बटाट्याच्या रोगराईत धान्य पुरविले, आणि अनेक कुळांना कॅनडास रवानाही केले.

त्यांच्या जमीनदारीच्या नियमांमध्ये कुळांनी घरे कशी बांधावीत याविषयी तरतुदी होत्या. गुरांचा भाग वेगळा असावा, खतासाठी छपराचा पेंढा काढू नये, अशा त्या सूचना. वरवर पाहता त्या आरोग्याच्या हिताच्या आहेत. परंतु कुळाच्या बाजूने त्या वाचल्या तर वेगळा अर्थ निघतो. कुळाचा करार वर्षावर्षाचा. जमीनदाराने मनात आणल्यास पुढील वर्षी तो बेघर. चुन्याच्या भिंती, खिडक्या, धुराडी यांवर खर्च करावा, तर ते सारे जमीनदाराच्या मालकीचे होणार, आणि सुधारलेल्या घरामुळे भाडे वाढण्याची भीती वेगळीच. शिवाय छपराचे खत बंद केले तर पिकाचे काय, याचे उत्तर नियमावलीत नव्हते. ज्याला आपण उद्या येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो दगड शेतातून उचलील, माती शेजारून घेईल आणि फक्त वाशांवर खर्च करील, कारण वासे बरोबर नेता येतात. कोरड्या दगडांचे घर हे अशा अनिश्चिततेचे अगदी काटेकोर वास्तुरूप आहे.

१८७० व १८८० च्या दशकांत कुळांचा असंतोष उफाळला. १८७४ चा बर्नेरा येथील उठाव लुईसच्याच परिसरातला. १८८३ साली सरकारने लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हे नेपियर पूर्वी मद्रास प्रांताचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ त्यांनी हंगामी व्हाइसरॉयपदही सांभाळले होते. आयोगाने बेटोबेटी फिरून, लुईसमध्येही, कुळांच्या साक्षी नोंदविल्या. त्यानंतर आलेल्या १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना धारणेची शाश्वती, न्याय्य भाडेनिश्चिती, वारसाला धारणा देण्याचा हक्क आणि केलेल्या सुधारणांबद्दल भरपाईचा हक्क दिला. हिरावलेली जमीन परत मिळाली नाही. पण घरावर केलेला खर्च आता वाया जाणार नव्हता.

परिणाम घरांवर दिसतो. चुन्यात बांधलेल्या एकेरी भिंतींची, दोन टोकांना धुराडी व पुढे काचेच्या खिडक्या असलेली, गुरांना वेगळे ठेवणारी 'पांढरी घरे' क्रमाने वाढू लागली. 'काळे घर' हा शब्दसुद्धा या नव्या घरांच्या तुलनेतून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाला असे मानले जाते. त्यापूर्वी ते नुसते घर होते. 'शाकारणे' या अर्थाच्या गेलिक शब्दाचा 'काळा' या अर्थाच्या शब्दाशी उच्चारसाम्यामुळे घोटाळा झाला असावा, असेही एक मत आहे. आर्नोलमध्ये ४२ क्रमांकाच्या समोरच १९२० च्या दशकातील ३९ क्रमांकाचे पांढरे घर जतन केलेले आहे. दोन्ही घरे एकामागून एक पाहिल्यास एक विसंगती ध्यानात येते. नव्या घरात उजेड आहे, धूर नाही. परंतु जाड मातीचा गाभा गेल्याने भिंत थंड आहे, आणि धुराड्यातून धुराबरोबर उष्णताही निघून जाते. सुधारणेने काही दिले, काही नेले.

आदिमतेचा आरोप

या पार्श्वभूमीवर 'आदिम' या विशेषणाची फेरतपासणी करावयास हवी. त्या काळातही एका निरीक्षकाने ती केली होती. सर आर्थर मिचेल यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात आर्नोलच्या शेजारील बारवास गावी स्त्रिया हाताने घडवीत असलेल्या ओबडधोबड मातीच्या भांड्यांचे उदाहरण घेतले. ती भांडी जमिनीत सापडली असती तर पुरातत्त्वज्ञांनी त्यांना प्रागैतिहासिक ठरविले असते. मात्र ती घडविणाऱ्या स्त्रिया बुद्धीने कोणाहून कमी नव्हत्या. साधनाच्या साधेपणावरून ते वापरणाऱ्याच्या बुद्धीचे माप काढू नये, हा त्यांचा मुद्दा होता. घरांना तो तंतोतंत लागू पडतो. लुईसच्या किनाऱ्यावरील कार्लोवेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा गोल दगडी मनोराही दुहेरी भिंतीचा आहे, आणि त्यावरून काळ्या घराची परंपरा थेट तेथपर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. कोरड्या दगडांच्या बांधकामाचे कौशल्य त्या भूमीत जुने आहे, एवढे निश्चित. त्यापलीकडे वंशावळ जोडणे घाईचे ठरेल. आज दिसते त्या स्वरूपातील काळे घर बरेचसे एकोणिसाव्या शतकाच्या परिस्थितीचे अपत्य असल्याचे मत ब्रूस वॉकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे, आणि ते अधिक पटणारे आहे.

'आदिम' म्हणण्याचे राजकारणही होते. घर वाईट कारण माणसे आळशी, असे एकदा ठरले की भाडे, करार आणि बेदखली यांविषयी बोलण्याची गरज उरत नाही.

जतनाचे दोन मार्ग

आर्नोलचे घर शासकीय संरक्षणाखाली आहे. तेथे स्मारक उघडे असताना मध्यभागी पीटचा विस्तव पेटता ठेवतात. हा देखावा नाही. धूर बंद झाला की पेंढ्याला ओल धरते आणि वासे कुजू लागतात. घर जिवंत ठेवावयाचे तर त्याचा श्वास चालू ठेवावा लागतो. मात्र गुरे गेली, बटाट्याचे शेत गेले, आणि काजळलेल्या पेंढ्याची कोणाला गरज उरली नाही. पूर्वी जे छप्पर पिकासाठी उतरविले जाई, ते आता दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातील खर्चाची बाब आहे.

आर्नोलपासून थोड्या अंतरावर, कार्लोवेजवळ गॅरनन हे गाव आहे. येथील शेवटचे रहिवासी १९७४ मध्ये जुनी घरे सोडून गेले. १९८९ मध्ये स्थानिकांनी विश्वस्त संस्था स्थापन करून घरांचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि २००१ मध्ये गाव अधिकृतपणे खुले झाले. काही घरांत पर्यटकांची निवासाची सोय आहे, एका घरात १९५५ च्या सुमाराचे जीवन मांडले आहे, आणि तेथे हॅरिस ट्वीडचा माग चालविलेला पाहता येतो. या कापडाला १९९३ च्या कायद्याचे संरक्षण असून ते आऊटर हेब्रिडीजमधील विणकरांनी आपल्या घरी हाताने विणलेले असणे बंधनकारक आहे. गॅरननच्या घरांना विसाव्या शतकातच टोकांना धुराडी जोडली गेली होती आणि जीर्णोद्धारातही ती ठेवण्यात आली. शुद्धतेच्या दृष्टीने पाहणाऱ्यास हे खटकेल. परंतु लोकवास्तू म्हणजे बदलत जाणारी वास्तू. धुराडे जोडणारा शेतकरी आपल्या घराचा इतिहास बिघडवीत नव्हता, लिहीत होता.

दोन्ही ठिकाणी खरी अडचण सारखीच आहे : शाकारणीचे हात आणि पेंढा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संपूर्ण स्कॉटलंडमध्ये शाकारलेल्या इमारती तीनशेच्या आसपासच आढळल्या. आधुनिक धान्यवाणांचे ताट आखूड असते आणि यंत्राने कापलेला पेंढा शाकारणीच्या कामाचा राहत नाही. पूर्वी प्रत्येक कुटुंबाला येणारे काम आता मोजक्या कारागिरांचे कौशल्य झाले आहे.

मालकीचा प्रश्न मात्र वेगळ्या दिशेने पुढे गेला आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने ग्रामीण समूहांना जमीन विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला आणि २०१५ मध्ये कार्लोवे परिसरातील जमीनदारी तेथील रहिवाशांच्या संस्थेच्या हाती आली. आज त्या भागातून जाताना नव्या बंगल्याच्या शेजारीच जुन्या घराच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या दिसतात. कोणी त्यांत मेंढ्या बांधतो, कोणी माग ठेवतो, कोणी तशाच राहू देतो. त्या पाडून दगड वापरावेत असे फारसे कोणाला वाटत नाही.